पत्रिका तर आलीये, आता जायचं कसं? ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या कॅथलिकांसाठी

लग्नाचं आमंत्रण हा आपल्याकडे किती नाजूक विषय आहे ते वेगळं सांगायला नको. पत्रिका नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, घरी आले नाहीत, म्हणून काकांनी दोन वर्षं बोलणं टाकलं असली एक तरी केस प्रत्येक घरात असते, आणि घणसोली-कोपरखैरणेच्या गावात कोणाकडे हळद असली की घरटी सांगायला माणूस फिरतो, एखादं घर चुकून राहिलं तर मांडवातच विषय निघतो. म्हणून बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातली लग्नाच्या मेजवानीची गोष्ट आपल्या माणसाला पटकन कळते असं मला वाटतं, आणि पॅरिशमध्ये (म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमध्ये) मोठ्या वयात कॅथलिक व्हायला येणाऱ्यांच्या वर्गाला मी मदत करतो (मदत म्हणजे खुर्च्या मांडणं, चहा, आणि नवीन माणूस एकटा बसला असेल तर त्याच्या बाजूला जाऊन बसणं) तिथे मी सगळ्यांना आधी हीच वाचायला सांगतो.

माझं थोडं सांगतो. जन्माने कॅथलिक, ठाण्यातलाच, लहानपणी आल्टर बॉय (वेदीजवळ फादरांना मदत करणारा मुलगा) वगैरे सगळं झालं, आणि मग महापेला नाइट शिफ्ट लागली आणि आठ-नऊ वर्षं चर्चचं तोंड पाहिलं नाही. कोणाशी भांडण नव्हतं, देवावरचा विश्वास गेला असंही नव्हतं, नुसतं राहून गेलं. त्यामुळे हे दोघांसाठी लिहितोय, जे पहिल्यांदाच येतायत त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे परत येतायत त्यांच्यासाठी.

१. आधी पत्रिका नीट वाचा

मत्तय, अध्याय २२, ओळी १ ते १४. पाच मिनिटं लागतात, एकदा मोठ्याने वाचा. बायबल विकत घेणार असाल तर दुकानात विचारून घ्या की कॅथलिक आहे का, कारण कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६, मराठीत दोन्ही मिळतात आणि कव्हरवरून कळत नाही.

गोष्ट अशी की राजाच्या मुलाचं लग्न आहे. ज्यांना आधीच सांगून ठेवलंय त्यांना बोलवायला नोकर जातात, ते येत नाहीत. आता इथे आपला कोणी असता तर म्हणाला असता गेले उडत. राजा परत दुसरे नोकर पाठवतो, बैल कापलेत, जेवण तयार आहे, या. तर एक आपल्या शेतावर जातो, दुसरा धंद्यावर, आणि उरलेले नोकरांना धरून मारूनच टाकतात. मग राजा चिडतो, सैन्य पाठवून त्यांचं शहर जाळतो, आणि नोकरांना सांगतो की आता रस्त्यावर जा, दिसेल त्याला घेऊन या. चांगले-वाईट सगळे येतात, मांडव भरतो. आणि मग राजा आत येतो आणि त्याला एक माणूस लग्नाच्या कपड्यांशिवाय बसलेला दिसतो. त्याचं पुढे येईल.

पहिल्यांदा वाचताना सगळ्यांचं लक्ष जाळपोळीकडे जातं. माझं म्हणणं, त्या शेतवाल्याकडे आणि धंदेवाल्याकडे बघा. शेतावर जाणं पाप आहे का? धंदा सांभाळणं? अजिबात नाही. आणि म्हणूनच ते धोक्याचं, कारण पाप करताना माणसाला निदान टोचणी असते, कामावर जाताना काहीच वाटत नाही. लूकच्या १४व्या अध्यायात अशीच गोष्ट आहे आणि तिथे कारणं अजून मजेशीर आहेत. एकाने शेत विकत घेतलंय आणि आता ते बघायला जायचंय (म्हणजे आपल्याकडे घोडबंदरला बुकिंगचे पैसे भरून मग साइट बघायला जाणारा), दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात त्या जुंपून बघायच्यात, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. आपली यादी आपण बनवायची. माझी होती: शिफ्ट, झोप, मेगाब्लॉक, मुलाचं क्रिकेट, आणि पुढच्या रविवारी नक्की.

धंद्यावरून आठवलं, इथून खाडी ओलांडली की वसई, तिथले संत गोन्सालो गार्सिया. जपानमध्ये व्यापार करत होते, बऱ्यापैकी चाललेला, तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात (संत फ्रान्सिसच्या मार्गाने चालणारे साधू) ब्रदर झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रूसावर चढवलं त्यांत हे एक. १८६२ साली संत जाहीर झाले. म्हणजे गोष्टीतला माणूस आमंत्रण सोडून धंद्यावर गेला आणि वसईचा माणूस धंदा सोडून आमंत्रणाला गेला. तुम्हाला नोकरी सोडायला कोणी सांगत नाहीये, ईएमआय आहेत मला माहितीये. पण आमंत्रण आलं तेव्हा तोही रिकामा बसलेला नव्हता.

ही गोष्ट चर्चमध्ये तीन वर्षांतून एकदा रविवारी वाचतात, साधारण काळातल्या (चर्चच्या वर्षातले मोठे सण आणि त्यांच्या तयारीचे दिवस सोडून उरलेला काळ) २८व्या रविवारी, २०२३ ला वाचली, आता ११ ऑक्टोबर २०२६ ला येईल. त्या दिवशी पहिलं वाचन यशयाच्या २५व्या अध्यायातलं असतं, देव डोंगरावर सगळ्या लोकांना जेवण घालतो ते, आणि स्तोत्र २३. तिन्ही एका बैठकीत वाचा, एकाच जेवणाबद्दल आहेत हे लक्षात येतं.

२. होकार कुठे कळवायचा

मनातल्या मनात हो म्हणणं ही सुरुवात, पण लग्नघरी कळायला पाहिजे ना. तुमच्या भागातल्या चर्चच्या ऑफिसात जा. ठाण्यात तलावपाळीजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट, वाशीला सेक्रेड हार्ट, आणि अजून बरीच आहेत, तुमचा पत्ता सांगितला की तुमची पॅरिश कोणती ते सांगतात. ठाणे आणि नवी मुंबई मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये येतात (वसईचा धर्मप्रांत १९९८ पासून वेगळा आहे). नवी मुंबईत मल्याळी लोकांची सीरो-मलबार चर्चेसही दिसतील, त्यांची पद्धत वेगळी, भाषा वेगळी, पण तेही आपलेच कॅथलिक, पोपच्याच खाली, त्यामुळे गोंधळून जाऊ नका, तिथे रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) केलीत तरी ती धरली जाते.

ऑफिसात "आरसीआयए" हा शब्द वापरा, म्हणजे मोठ्या माणसांना चर्चमध्ये घेण्याचा क्रम. क्रम मुद्दाम म्हणतो, हा फॉर्म भरून आठवड्यात मिळणारा दाखला नाही. आधी नुसती चौकशी, प्रश्न विचारणं. मग शिकण्याचा काळ, हा काही महिने, कधी वर्षभर. मग लेंटच्या (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरुवातीला नाव नोंदवलं जातं, लेंटच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी तुमच्यासाठी खास प्रार्थना होतात, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि पहिलं कम्युनियन (वेदीवरची पवित्र भाकर घेणं) तिन्ही एकदम. लोक विचारतात एवढा वेळ का, मला तर आजच घ्यायचाय. अहो, लग्न ठरल्यावर साखरपुडा ते लग्न यात पण वेळ जातोच की, त्या वेळात दोन्ही घरं एकमेकांना ओळखतात.

काही बारीक गोष्टी ज्या आधी कोणी सांगत नाही.

दुसऱ्या एखाद्या ख्रिस्ती पंथात पाण्याने, पिता पुत्र पवित्र आत्मा या नावाने तुमचा बाप्तिस्मा झालेला असेल तर तो परत होत नाही, तोच धरला जातो, फक्त कागद लागतो. लहानपणी कॅथलिक बाप्तिस्मा होऊन नंतर काहीच झालं नसेल तर ज्या चर्चमध्ये झाला तिथल्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव आहे, तिथून दाखला काढा, गावाला असेल तर मे महिन्यात जाल तेव्हा काढून आणा. पुढे दृढीकरण झालं, लग्न झालं की त्याची नोंदही त्याच रजिस्टरमध्ये जाते, त्यामुळे ते चर्च कितीही लांब असलं तरी तुमचं खातं तिथेच.

गॉडफादर किंवा गॉडमदर (बाप्तिस्म्याला तुमच्या बाजूने उभी राहणारी व्यक्ती) लागते, एक पुरे. निदान १६ वर्षांची, स्वतःचं दृढीकरण झालेली कॅथलिक व्यक्ती, तुमचे आई-वडील चालत नाहीत. मित्र म्हणून कोणालाही उभं करू नका, जो तुम्हाला रविवारी सकाळी फोन करून "निघालास का" विचारेल असा माणूस बघा.

आणि एक गोष्ट नीट ऐका. कोणी तुम्हाला पैशाचं, नोकरीचं, शाळेच्या अ‍ॅडमिशनचं आमिष दाखवून किंवा भीती घालून बोलवत असेल तर तिथून उठा. श्रद्धा मोकळ्या मनाने स्वीकारायची असते, त्यात जबरदस्ती चालत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन सभेने (जगभरच्या बिशपांची सभा) १९६५ मध्ये लेखी सांगितलंय. राजाने दोनदा बोलावलं, पण कोणाला हात धरून ओढून आणल्याचं मत्तयने लिहिलेलं नाही.

३. कपड्यांचं काय

आता तो माणूस. राजा त्याला म्हणतो, "मित्रा, लग्नाच्या कपड्यांशिवाय तू आत कसा आलास?" आणि तो गप्प. मग त्याचे हातपाय बांधून बाहेर अंधारात टाकतात. वर्गात इथे हमखास कोणीतरी हात वर करतं, हा अन्याय आहे, रस्त्यावरून उचलून आणलेला माणूस, त्याच्याकडे कपडे कुठून येणार?

प्रश्न बरोबर आहे, मलाही पडायचा. पण बघा, रस्त्यावरून तर सगळेच आलेले होते. त्यांतल्या एकाकडेच कपडे नाहीत म्हणजे बाकीच्यांना कुठून तरी मिळालेच की. आणि राजाने त्याला विचारलं तेव्हा तो "माझ्याकडे नव्हते" असंही म्हणत नाही. गरीब असता तर बोलला असता. त्याने घालायचेच नव्हते, जेवण पाहिजे होतं, लग्न नको होतं. आपल्याकडेही असतात असे, हॉलच्या मागच्या दाराने येऊन पंगतीत बसतात आणि नवरा-नवरीचं नावही माहीत नसतं.

मग हे कपडे म्हणजे काय. बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्हाला पांढरं वस्त्र देतात आणि सांगतात की तू आता नवा झालास, ख्रिस्त अंगावर घेतलास, हे वस्त्र डाग न लावता शेवटपर्यंत ने. हे संत पौलाच्याच शब्दांवरून आलंय, गलतीकरांच्या पत्रात आहे, ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांनी ख्रिस्त परिधान केला. आणि संत ऑगस्टिन आणि नंतर पोप ग्रेगरी दोघांनीही या गोष्टीवर बोलताना सांगितलं की लग्नाचा पोशाख म्हणजे प्रेम. कारण, ऑगस्टिन म्हणतो, बाकी सगळं, बाप्तिस्मा, चर्चला जाणं, उपवास, हे चांगले आणि वाईट दोघांकडेही असू शकतं. कलस्सैकरांच्या पत्रात (३:१२-१४) तर पौलाने अख्खा वॉर्डरोब उघडून ठेवलाय, करुणा, ममता, नम्रता, सौम्यता, सहनशीलता अंगावर घाला, एकमेकांना माफ करा, आणि या सगळ्यावरून प्रेम घाला.

म्हणजे आत येण्यासाठी लायकी लागत नाही, आणि आत आल्यावर जसे होतात तसेच बसून राहणंही चालत नाही. नवीन लोकांपैकी अर्ध्यांना पहिलं पटत नाही ("माझ्यासारख्याला कसं घेतील") आणि जुन्यांपैकी अर्ध्यांना दुसरं. मी दोन्ही गटांत राहून आलोय.

बरं, खरे कपडे? विचारतात म्हणून सांगतो, नीटनेटके, साधे, बर्मुडा नको, सूट-बूटही नको.

४. कपडे मळले तर

मळणारच. याच्यासाठी कन्फेशन (फादरांसमोर पापं कबूल करणं) आहे, आणि यावर जरा जास्त लिहितो कारण परत येणाऱ्या माणसाचं घोडं इथेच अडतं. (ज्यांचा अजून बाप्तिस्मा व्हायचाय त्यांना हे आत्ता लागत नाही, बाप्तिस्म्यातच सगळं धुतलं जातं, पण पुढे लागेल.)

माझंच सांगतो. नऊ वर्षांनी गेलो, आदल्या रात्री मोबाईलच्या नोट्समध्ये पापांची यादी टाइप केली, शिस्तीत नंबर घालून, आणि आत गुडघे टेकले आणि मोबाईल स्विच ऑफ, चार्जिंगच संपलेलं. डोकं ब्लँक. शेवटी म्हटलं, "फादर, नऊ वर्षं झाली, काय बोलायचं ते विसरलो." जाळीच्या पलीकडून आवाज आला, "ठीक आहे, जे आठवतंय तिथून सुरू करा." मग आठवायला लागलं, यादीत नव्हतं तेही.

करायचं कसं: आधी शांत बसून मागचं आठवा, दहा आज्ञा समोर ठेवल्या तर सोपं जातं. फक्त मोठ्या मोठ्या गोष्टी शोधू नका आणि फक्त फालतू गोष्टीही सांगू नका. मला विचाराल तर आमच्या भागातली पापं फार सभ्य असतात, एचआरएसाठी भाड्याच्या खोट्या पावत्या, मेडिकलची खोटी बिलं, फ्लॅट विकताना ब्लॅकचे, कामवालीची सुट्टी कापणं, सासूशी अबोला. आत गेल्यावर क्रूसाची खूण, मागचं कन्फेशन कधी झालं ते सांगा, मग पापं सांगा, साध्या शब्दांत, कारणमीमांसा नको, दुसऱ्याची पापं तर अजिबात नको (नवऱ्याची पापं सांगून येणाऱ्या बायका आणि उलट, हा फादरांचा जुना अनुभव). फादर थोडं बोलतील, एखादी प्रार्थना किंवा काम प्रायश्चित्त म्हणून देतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा, येत नसेल तर कार्ड असतं किंवा स्वतःच्या शब्दांत म्हणा, आणि ते पापमुक्ती देतील. बाहेर येऊन दिलेलं प्रायश्चित्त लगेच करून टाका, विसरायला होतं. खोट्या बिलाचे पैसे, कामवालीचे कापलेले पैसे परत करणं शक्य असेल तर तेही करायचं असतं, नुसतं सांगून भागत नाही.

फादर हे कोणालाही सांगू शकत नाहीत, कोणत्याही कारणाने नाही, मुद्दाम फोडलं तर ते आपोआप चर्चबाहेर टाकले जातात, एवढा कडक नियम आहे. तरी लाज वाटत असेल तर दुसऱ्या पॅरिशमध्ये जा, ट्रान्स हार्बर कशासाठी आहे.

गंभीर पाप कशाला म्हणायचं तर तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, ती गंभीर आहे हे माहीत असणं, आणि समजून उमजून स्वतःच्या मर्जीने करणं. असं काही असेल तर कन्फेशनआधी कम्युनियन घेऊ नका, जागेवर बसून राहा, कोणी बघत नाही, आणि बघितलं तरी बघू दे. वर्षातून एकदा तरी कन्फेशन हा किमान नियम, पण वर्षातून एकदा शर्ट धुणारा माणूस तुम्ही पाहिलाय का.

५. रविवार

रविवारची मिस्सा हीच ती मेजवानी, निदान तिची पहिली पंगत. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची धरतात, त्यामुळे मेगाब्लॉक हे कारण बाद. आजारी असाल, घरी आजारी माणूस असेल, ड्युटी टाळता येत नसेल तर पाप नाही, पण हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा.

पहिल्यांदा जाताना मधल्या रांगेत बसा, सगळ्यात मागे बसलात तर पुढे काय चाललंय दिसत नाही आणि सगळ्यात पुढे बसलात तर कधी उभं राहायचं ते कळत नाही. पुढच्या माणसाकडे बघून उठा-बसा, चुकलात तर काही होत नाही. पहिला अर्धा भाग वाचनं आणि प्रवचन, दुसरा अर्धा वेदीवरचा. कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. बाप्तिस्मा व्हायचा असेल तोवर कम्युनियन घ्यायचं नाही. हे कोणालाही खटकतं, सगळे रांगेत उठतात आणि आपण बसून, आणि एकजण मला म्हणाला की हे तर बोलावून जेवायला न वाढण्यासारखं झालं. मी त्याला काही फार हुशार उत्तर दिलं नाही, म्हटलं थांब, ईस्टरला आपण एकत्र जाऊ. गेलो.

कम्युनियनच्या अगदी आधी सगळे मिळून एक वाक्य म्हणतात त्याकडे लक्ष द्या: हे प्रभो, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी लायकी नाही, तू फक्त शब्द बोल आणि मी बरा होईन. हे वाक्य मूळ एका रोमन शताधिपतीचं, मत्तयच्या ८व्या अध्यायात, म्हणजे परक्या सैन्याचा अधिकारी, त्याचा नोकर आजारी. पोपपासून आल्टर बॉयपर्यंत कोणालाही "मी लायक आहे" म्हणून जायची सोय नाही, सगळे हेच म्हणतात आणि मगच उठतात.

उपवासाचं पटकन: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस, १८ ते ५९ वयाच्या लोकांनी एकच पूर्ण जेवण, आणि १४ पासून पुढे सगळ्यांनी मटण-चिकन बंद. मासे चालतात, त्यामुळे कोळीवाड्यातल्या लोकांना हा फार मोठा त्याग आहे असं मी म्हणणार नाही.

६. सोमवार ते शनिवार

इथे खरं लग्नाचे कपडे घालून लोकलला लटकायचं असतं. मोठं काही ठरवू नका, नवीन माणूस पहिल्या महिन्यात पहाटे चारला उठायचं ठरवतो आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच सोडतो. सकाळी पाच मिनिटं, आजचा दिवस तुझा एवढं म्हणून, आणि रात्री झोपताना पाच मिनिटं, आज कुठे चुकलो, कुठे देव भेटला. बस.

रोझरी (मरियेची जपमाळ) शिकायची असेल तर ट्रान्स हार्बर लाइन उत्तम. ठाण्याला बसलात की क्रूसाची खूण, दिघा गावपर्यंत सुरुवातीच्या प्रार्थना, मग ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, असं एकेक दशक (माळेतल्या दहा मण्यांचा भाग) संपवत गेलात तर वाशीच्या आत पाचही होतात, अर्थात बसायला जागा मिळाली तर, नाहीतर बोटांवर मोजा, तेही चालतं. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा, त्याला रहस्य म्हणतात: सोमवार आणि शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची, ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये घातली. त्यातलं दुसरं रहस्य काना नावाच्या गावातल्या लग्नाचं आहे, तिथे वाइन संपलेली असते. देवाच्या गोष्टींत लग्नं फार येतात.

आणि प्रेम हा कपडा आहे तर तो दिसला पाहिजे. पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते, १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झालेली, हे लोक गरीब घरांना स्वतः भेट देतात, रेशन, औषधं, फी. एकदा त्यांच्याबरोबर जा, बघायला म्हणून जा. तुमच्या बिल्डिंग-गल्लीची छोटी ख्रिस्ती कम्युनिटी असेल, तिथे महिन्यातून एकदा बायबल वाचतात आणि मग वडे खातात, दोन्हीला जा. पण त्याहीआधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वॉचमनबद्दल काय लिहिता ते बघा. रात्री साडेअकराला टाइप केलेला एक मेसेज डिलीट करणं ही माझ्या हिशोबाने आठवड्यातली सगळ्यात अवघड साधना आहे, मला अजून पूर्ण जमत नाही.

७. घरचे

घरातून एकटेच येत असाल तर हा सगळ्यात दुखरा भाग. गणपतीला काय करू, हा प्रश्न वर्गात दरवर्षी ऑगस्टमध्ये येतो. माझं मत: घरी जा. आईला मोदक वळायला मदत करा, पाहुण्यांना पाणी द्या, मामांशी बोला. पूजा मात्र आता तुमची नाही, ती करायची नाही आणि त्यावर भाषणही द्यायचं नाही. इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हेही १९६५ सालीच लिहून ठेवलंय, त्यामुळे घरच्यांच्या देवाला नावं ठेवून तुम्ही जास्त कॅथलिक होत नाही. प्रसादाचं विचाराल तर पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात ८ आणि १० या अध्यायांत नेमकं यावरच लिहिलंय, दुसऱ्याच्या मनाला ठेच लागू नये असं वागा म्हणतो, ते वाचा आणि तुमच्या घरची परिस्थिती सांगून फादरांशी बोला, माझ्यासारख्याचं ऐकून जेवणाच्या ताटावर वाद घालू नका. नाव बदलायची सक्ती नाही. कुंकू, मंगळसूत्र, साडी, याने कोणाची श्रद्धा कमी होत नाही.

घरचे म्हणतील हा परदेशी धर्म. वाद घालू नका, पण स्वतःच्या माहितीसाठी: १३२१ साली, म्हणजे पोर्तुगीज यायच्या दीड-पावणेदोनशे वर्षं आधी, चार फ्रान्सिस्कन याच ठाण्यात श्रद्धेसाठी मारले गेले, त्यांच्यात तोलेन्तिनोचे थॉमस होते. आमंत्रण घेऊन आलेले नोकर मारले गेले ही ओळ गोष्टीत वाचताना मला आता ठाणेच आठवतं.

"बोलावलेले पुष्कळ, निवडलेले थोडे" या शेवटच्या ओळीने घाबरून रात्री झोप न येणारी माणसं मी पाहिलीत. देवाने कोणालाही आधीच ठरवून नरकात टाकलेलं नाही, ही चर्चची स्पष्ट शिकवण आहे. राजाने त्या माणसालाही "मित्रा" म्हणूनच हाक मारली होती, आणि उत्तर द्यायला वेळही दिला होता.

८. ईस्टरची रात्र

इथपर्यंत टिकलात तर पवित्र शनिवारी रात्री तुमचा नंबर. बाहेर अंधारात शेकोटी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या, जुन्या करारातली वाचनं सातपर्यंत असू शकतात, मग बाप्तिस्मा. दोन-अडीच तास सहज. संध्याकाळी हलकं खाऊन घ्या, तो एक तासाचा नियम लक्षात ठेवून. मेणबत्तीचं मेण हातावर गळतं, कागदी कप लावून देतात तो टाकू नका. डोक्यावर पाणी चांगलं तीनदा ओततात, शिंपडत नाहीत, त्यामुळे टॉवेल आणा, चष्मा गॉडमदरकडे द्या, मोबाईल खिशात नको. पांढरा शर्ट किंवा साडी इस्त्री करून वेगळ्या पिशवीत ठेवा, पिशवीवर नाव लिहा, मागच्या वर्षी दोघांचे शर्ट बदलले आणि एकजण बाह्या तळहातापर्यंत आलेल्या शर्टात कम्युनियनला गेला. कपडे बदलायची खोली कुठे आहे ते रिहर्सललाच विचारून ठेवा, आणि शेवटची गाडी चुकणार हे धरून परतीला कोणाच्या तरी गाडीत जागा सांगून ठेवा.